गर्दी ओसरल्यावर काय करायचं: स्वतः दुःखात असाल तर, आणि दुःखातल्या माणसासोबत असाल तर

आई गेली त्याला आता सहा वर्षं होतील. पहिले आठ-दहा दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती इतकी माणसं होती, आणि मग एक दिवस सकाळी उठले तर एकदम शांत. बाबा खुर्चीत बसलेले आणि समोर टेबलावर आईचा चष्मा, घडी न केलेला, तिने शेवटचा काढून ठेवला होता तसाच. आदल्या दिवशी कोणीतरी तो उचलून कपाटात ठेवायला गेलं होतं तेव्हा बाबा जोरात ओरडले होते, आयुष्यात मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. त्या सकाळी मला कळलं की अवघड भाग आता सुरू होणारे, आणि त्याबद्दल आम्हाला कधी कोणी काही सांगितलेलंच नाहीये.

म्हणून हे लिहितेय. ज्यांच्या घरात हे पहिल्यांदाच घडलंय त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या मैत्रिणीच्या, भावाच्या, ऑफिसमधल्या कोणाच्या घरी घडलंय आणि आता नेमकं काय करावं ते कळत नाहीये त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. पण नंतर बरंच वाचलं, बऱ्याच जणांशी बोलले, आणि दोन्ही बाजूंनी हे अनुभवलंय. माझं म्हणणं एकच आहे की दुःख कोणी कमी करू शकत नाही, पण दुःखाच्या जोडीला जी शंभर कामं आणि जो एकटेपणा येतो ना, तो नक्की कमी करता येतो. मदत करायची ती तिथे करा.

आधी दोन-तीन गैरसमज बाजूला ठेवू

सगळ्यात जास्त ऐकलेली गोष्ट म्हणजे दुःखाच्या पाच पायऱ्या. नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार. माझ्या एका नातेवाईकांनी मला तिसऱ्या आठवड्यात विचारलं होतं, "तू आता रागाच्या स्टेजला आहेस का?" खरं तर एलिझाबेथ कुब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ मध्ये या पायऱ्या मांडल्या त्या स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, म्हणजे स्वतःचं मरण समोर दिसत असलेल्या माणसाच्या मनात काय चालतं त्याबद्दल. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटल्या. तुम्हाला राग आलाच नाही, किंवा आज स्वीकार वाटला आणि उद्या परत नकार आला, तर तुमचं काही चुकत नाहीये. ही काही जिना चढायची गोष्ट नाही.

मला स्वतःला जे पटलं ते मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की माणूस दोन टोकांमध्ये झोके घेत असतो. एका टोकाला गेलेल्या माणसाची आठवण, रडणं, फोटो बघत बसणं, आणि दुसऱ्या टोकाला बिलं भरणं, नवीन कामं शिकणं, मधेच एखाद्या व्हिडिओला हसणं. दोन्ही लागतं आणि हे जाणं-येणं म्हणजेच सावरणं. मी आई गेल्यावर अकराव्या दिवशी कशालातरी खळखळून हसले आणि लगेच बाथरूममध्ये जाऊन रडले, कारण मला वाटलं मी किती निर्लज्ज आहे. तेव्हा हे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. हसू आलं तर हसा, त्याने प्रेम कमी होत नाही.

दुसरं म्हणजे रडू न येणं. काहीजणांना येतच नाही, दिवसच्या दिवस. कोणाला महिन्याभराने दुकानात रांगेत उभं असताना येतं. रडण्यावरून कोणाचं किती प्रेम होतं हे मोजायला जाऊ नका, स्वतःचंही नको.

आणि एक गोष्ट लोक कोणाला सांगत नाहीत, ती म्हणजे गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येणं, पावलांचा भास, तो शेजारी बसलाय असं वाटणं. वेल्समधल्या ड्युई रीस या डॉक्टरांनी १९७१ मध्ये २९३ विधवा-विधुरांशी बोलून लिहिलं होतं की जवळजवळ निम्म्या लोकांना असं काही ना काही जाणवतं, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते कोणाला सांगितलेलं नव्हतं. बाबांना स्वयंपाकघरातून आईची हाक ऐकू यायची. त्यांनी मला ते दोन वर्षांनी सांगितलं, तेही मान खाली घालून. दोन वर्षं त्यांना वाटत होतं आपल्या डोक्यावर परिणाम होतोय.

स्वतः दुःखात असाल तर: पहिले काही दिवस

पहिल्या दिवसांत डोकं चालत नाही, आणि हे खरंच तसं असतं. फोन फ्रीजमध्ये ठेवला जातो, गॅस चालू राहतो, समोरचा काय बोलला ते दोन मिनिटांत विसरायला होतं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे एक वही घ्या. कोणाचा फोन आला, कोणाला काय कळवायचंय, कुठला कागद कुठे ठेवला, सगळं त्यात, डोक्यात काहीही ठेवू नका. गाडी शक्यतो दुसऱ्याला चालवू द्या, लक्ष नसतं आणि ते आपल्याला कळतही नसतं.

दुसरं काम, घरातला किंवा जवळचा एक माणूस फोन घेण्यासाठी नेमा. "कधी झालं, कसं झालं, शेवटी काय बोलले" हे एकाच दिवसात तीस वेळा सांगायला लागणं म्हणजे तोच प्रसंग तीस वेळा जगणं. तुम्ही सांगितलं पाहिजे असं काही नाही. "आत्ता नाही बोलता येणार" एवढं पुरतं.

तिसरं, शरीर. भूक लागत नाही, डोळ्याला डोळा लागत नाही, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, घशात काहीतरी अडकल्यासारखं. थोडं थोडं खा, पाणी प्या, आणि तुमची स्वतःची रोजची औषधं चालू असतील (बीपी, शुगर, थायरॉईड) तर ती चुकवू नका, या दिवसांत नेमकी तीच राहतात. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर "टेन्शनमुळे असेल" म्हणून घरी बसू नका. जबर मानसिक धक्क्याने हृदयाचा एक भाग तात्पुरता नीट काम करेनासा होऊ शकतो, जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास त्याला ताकोत्सुबो नाव दिलं, ऑक्टोपस पकडायच्या मडक्यावरून, कारण तपासणीत हृदय त्या आकाराचं दिसतं. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये जास्त दिसतं आणि वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक लोक बरे होतात. पण लक्षणं हार्ट अटॅकसारखीच असतात आणि घरी बसून फरक कळत नाही. सरळ हॉस्पिटल गाठा.

झोपेच्या गोळ्यांबद्दल. कोणीतरी प्रेमाने हातावर ठेवतंच, "घे, जरा शांत झोप लागेल". जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मधल्या सूचनांमध्ये म्हटलंय की केवळ जवळचं माणूस गेलंय या कारणाने बेंझोडायझेपिन प्रकारची औषधं देऊ नयेत. अल्प्राझोलाम, डायझेपाम वगैरे त्यातलीच. दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी तर नकोच. झोपेचे खूप हाल होत असतील तर स्वतःच्या डॉक्टरला भेटा आणि काय घडलंय ते सांगा. दारूचंही तेच, रात्र निघून जाते पण पहाटे तीनला जाग येते आणि तेव्हा जास्त वाईट वाटतं.

मग कागद

याबद्दल कोणी बोलत नाही कारण ते कोरडं वाटतं, पण माझ्या मते दुःखातल्या माणसाचा जीव सगळ्यात जास्त इथे जातो. मृत्यूचा दाखला हा मूळ कागद, तो सगळीकडे लागतो, बँक, विमा, पेन्शन, घराची कागदपत्रं. त्याच्या एकदम भरपूर अधिकृत प्रती घेऊन ठेवा, नंतर परत परत जायला लागतं. आणि दाखला हातात आल्या आल्या नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, पत्ता तिथेच उभं राहून तपासा. आमच्याकडे आईच्या नावात एक अक्षर चुकलं आणि त्या एका अक्षरासाठी मी चार महिने फिरले, आणि प्रत्येक खिडकीवर मला नव्याने सांगायला लागायचं की माझी आई गेली.

गेलेल्या माणसाचा मोबाईल नंबर लगेच बंद करू नका. बँकेचे, ईमेलचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतात. शिवाय फोनमध्ये फोटो असतात, व्हॉइस मेसेज असतात. ते आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा. मैत्रिणीने मला हे बजावून सांगितलं म्हणून माझ्याकडे आईचा अकरा सेकंदांचा एक व्हॉइस मेसेज आहे, त्यात ती फक्त विचारतेय की पोचलीस का. बाकी सगळं गेलं असतं तरी चाललं असतं असं मला आता वाटतं.

मोठे निर्णय, म्हणजे घर विकणं, दुसऱ्या गावी जाणं, नोकरी सोडणं, पैसे कुठेतरी गुंतवणं, हे पहिले काही महिने, जमलं तर वर्षभर, पुढे ढकला. या दिवसांत सल्ला द्यायला खूप माणसं येतात आणि त्यातली एक-दोन काहीतरी विकायलाच आलेली असतात. सही मागितली की "घरी विचारून सांगते" एवढंच म्हणा. काही निर्णय पैशांअभावी थांबवता येत नाहीत हे मला माहितीये, तेव्हा निदान ज्याचा त्यात काही फायदा नाही असा एक माणूस सोबत घेऊन बसा.

वस्तूंचं काय करायचं

कधी आवरायच्या याला काही मुदत नाही. काहींना दुसऱ्या दिवशी सगळं आवरलं की बरं वाटतं, काहींना दोन वर्षं कपाट उघडवत नाही. फक्त घरात दोन-तीन माणसं असतील तर एकाने परस्पर करू नका, कारण तुमच्यासाठी जी जुनी उशी आहे ती दुसऱ्यासाठी शेवटचा वास असू शकतो. मला उपयोग झाला तो तीन ढिगांचा, ठेवायचं, द्यायचं, आणि "आत्ता ठरवायचं नाही". तिसरा ढीग खोक्यात भरा, वर तारीख टाका आणि बाजूला ठेवून द्या. आमच्याकडे चष्मा अजून टेबलावरच आहे. बाबा रोज त्याच्यावरची धूळ पुसतात आणि मला त्यात काहीही चुकीचं वाटत नाही. पूर्वी असं समजायचे की गेलेल्या माणसाशी नातं तोडलं तरच पुढे जाता येतं. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी उलट मांडलं, की बऱ्याच लोकांचं नातं चालूच राहतं, फक्त त्याचं रूप बदलतं, आणि त्यात आजारी असं काही नाही.

तारखा येतात. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, गेल्याचा दिवस. गंमत म्हणजे त्या दिवसापेक्षा आधीचा आठवडाच जास्त जड जातो, आणि कधीकधी तारीख लक्षात नसते तरी शरीराला कळतं, चिडचिड होते, अंग दुखतं. त्या दिवसाचं आधीच थोडं ठरवून ठेवा, कोणासोबत असायचं की एकटं राहायचं.

घरात लहान मुलं असतील तर

इथे मला थोडं कळकळीने सांगायचंय. मुलांना "आजी झोपली", "देवाघरी फिरायला गेली", "लांब गेली" असं सांगू नका. लहान मूल शब्दशः घेतं. झोपली म्हटलं की रात्री स्वतः झोपायला घाबरतं, लांब गेली म्हटलं की दाराकडे बघत बसतं, आणि आपल्याला न सांगता गेली म्हणून रुसतं. "आजी मेली. म्हणजे तिचं शरीर बंद पडलं, आता ती श्वास घेत नाही, तिला दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ती परत येणार नाही." हे म्हणताना आपलाच आवाज फुटतो. फुटू दे. मुलांसमोर रडलात तर त्यांना कळतं की यात रडायचं असतं.

साधारण पाच ते सात वर्षांच्या आसपास मुलांना हळूहळू कळायला लागतं की मृत्यू म्हणजे कायमचं, त्याआधी ती परत परत विचारतात, "मग कधी येणार?" दहा वेळा विचारलं तर दहा वेळा तेच शांतपणे सांगायचं. आणि मुलं दुःखात उडी मारून आत-बाहेर करतात, पाच मिनिटं रडतील आणि सहाव्या मिनिटाला बॉल घेऊन पळतील. त्यावरून "याला काही कळलंच नाही" असं म्हणू नका. आणखी एक गोष्ट, न विचारता सांगायची: "तू काही केलंस, बोललास, चिडलास म्हणून हे झालेलं नाही." माझा भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याने तीन महिन्यांनी विचारलं की मी आजीचं औषध सांडलं होतं म्हणून ती मेली का. तीन महिने ते एवढंसं पोर हे मनात घेऊन फिरत होतं. शाळेत त्याच्या बाईंना कळवून ठेवा, आणि घरातल्या जेवण-झोपेच्या वेळा शक्य तेवढ्या तशाच ठेवा.

आता सोबत राहणाऱ्यांसाठी

सगळ्यात मोठी चूक बोलण्यात होत नाही. "मी काय बोलू, माझं चुकलं तर" या भीतीने माणसं गायब होतात, ती मोठी चूक. माझ्या दोन अगदी जवळच्या मैत्रिणी तेव्हा गायब झाल्या आणि नंतर म्हणाल्या की तुला काय बोलावं तेच सुचत नव्हतं. मला त्यांचं बोलणं नकोच होतं गं, मला त्या हव्या होत्या.

तर पहिली पायरी, कळवा. फोन करायचं धाडस नसेल तर मेसेज करा, पण सगळ्यांना पाठवतात तो तयार फोटो नको. "काकूंबद्दल कळलं. खूप वाईट वाटतंय. त्या मला दारात सोडायला यायच्या ते आठवतंय. रिप्लाय देऊ नकोस, मी शनिवारी परत मेसेज करते." बघा यात काय आहे, गेलेल्या माणसाची एक खरी आठवण आहे, समोरच्यावर उत्तराचं ओझं नाहीये, आणि तुम्ही परत येणार आहात हे आहे. मग शनिवारी खरंच करा.

भेटायला गेलात तर थोडा वेळ बसा आणि निघा. शांत बसणं चालतं. तुमचं रडू आलं तर येऊ दे, फक्त असं नको की त्यांनाच तुमची समजूत काढत बसावं लागेल.

काय बोलू नये याची यादी मोठी आहे पण बहुतेक वाक्यं एकाच साच्यातली असतात, "निदान" ने सुरू होणारी. निदान जास्त हाल झाले नाहीत. निदान वय झालं होतं. निदान दुसरं मूल आहे. हे खरं असेलही, पण ते फक्त ज्याचं दुःख आहे त्याने म्हणायचं. त्यांनी म्हटलं तर मान हलवा, तुम्ही सुरू करू नका. "आता तूच घरातला मोठा, रडू नकोस" हे तर एखाद्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला म्हणजे शिक्षाच. "मला समजतंय तुला काय वाटतंय" हेही टाळा, कारण तुमचे बाबा गेले असले तरी त्यांचे बाबा वेगळे होते आणि त्यांच्यातलं नातं वेगळं होतं, कदाचित बरंच भांडणाचंही असेल. आणि कसं झालं, शेवटी काय झालं, डॉक्टरचं चुकलं का, हे खोदून विचारू नका. त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतील आणि मग पूर्ण ऐका, तिसऱ्यांदा सांगत असतील तरी.

नाव घ्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लोक गेलेल्या माणसाचं नाव टाळतात कारण "आठवण येईल". अहो, ती गेलेलीच नसते कुठे. उलट नाव घेणारं कोणी उरलं नाही की आपण एकटेच त्या माणसाला धरून बसलोय असं वाटतं.

"काही लागलं तर सांग" ऐवजी

हे वाक्य आपण सगळेच म्हणतो आणि मनापासून म्हणतो, पण याने एक काम वाढतं. काय लागणार ते शोधा, मग कोणाला सांगायचं ते ठरवा, मग संकोच बाजूला ठेवून सांगा. त्या दिवसांत एवढं त्राण कोणाकडे असतं?

पाचव्या आठवड्यात माझी एक मैत्रीण आली, कॉलेजमधली, फार जवळची पण नव्हे. आली, चपला काढल्या, जमिनीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मी दोनपर्यंत आहे. तुझी ती कागदांची पिशवी आण." मी रडायला लागले, तिने मला रडू दिलं, आणि एकीकडे ती कागद लावत बसली. विम्याचे वेगळे, बँकेचे वेगळे, लाईट बिल वेगळं. तीन फोन तिने लावले, होल्डवर ती थांबली, समोरचा माणूस आला की फोन माझ्या हातात द्यायची. दोन वाजता उठली, म्हणाली पुढच्या गुरुवारी येते, आणि आली. असे सहा गुरुवार.

तर मदत अशी नेमकी सांगा की समोरच्याला फक्त हो किंवा नको म्हणायला लागेल. "उद्या संध्याकाळी सातला जेवण दाराशी ठेवून जाते, बेल वाजवणार नाही, डबे परत नको." "मुलांना रविवारी चार तास मी नेतो." "मंगळवारी तुला बँकेत मी घेऊन जातो, बाहेर थांबतो." नको म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, आठवड्याने परत विचारा. आणि जे जमणार नाही ते बोलू नका, या दिवसांत मोडलेला शब्द फार लागतो. लांब राहत असाल तर वेळ ठरवून फोन, ऑनलाइन फॉर्म भरून देणं, कोणाकोणाला कळवायचं ती यादी सांभाळणं, हे सगळं लांबूनही होतं.

ऑफिसमधल्यांनी एवढं करा की माणूस परत येण्याआधी त्याला विचारा, सगळ्यांना सांगितलेलं चालेल का आणि लोकांनी येऊन बोललेलं हवंय की नको. पहिले काही आठवडे त्याच्या कामावर दुसरी नजर असू द्या, चुका होतात.

सोबत करताना तुम्हीही थकता, ते कुठेतरी बोलायलाच हवं. सुझन सिल्क नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी वर्तुळांची एक सोपी पद्धत सांगितली आहे. मधोमध ज्याच्यावर डोंगर कोसळलाय तो, त्याच्याभोवती घरचे, मग जवळचे मित्र, मग बाकीचे. आतल्या बाजूला फक्त आधार द्यायचा, आणि आपली तक्रार, आपला थकवा हा बाहेरच्या बाजूच्या माणसाकडे काढायचा. म्हणजे मैत्रिणीचा नवरा गेलाय आणि तुम्ही दमलात तर ते तिला सांगायचं नाही, तुमच्या बहिणीला सांगायचं.

जे दुःख कोणी मोजत नाही

गर्भपात, जन्माआधी गेलेलं बाळ, घटस्फोटित जोडीदाराचा मृत्यू, ज्याच्याबद्दल घरी माहितीच नव्हतं असं नातं, पाळीव कुत्रं, ज्याच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं असा बाप. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलं, ज्याला समाज दुःख म्हणून मान्यच करत नाही. यात माणसाला सुट्टी मिळत नाही, भेटायला कोणी येत नाही, आणि "त्यात काय एवढं" ऐकायला मिळतं. अशा माणसाला तुम्ही नुसतं "तुझं माणूस गेलंय, तुला वाईट वाटणारच" म्हणालात तरी पुष्कळ आहे.

आत्महत्येने कोणी गेलं असेल तर घरच्यांच्या मागे "का" आणि "मला कळलं कसं नाही" हे लागतं, वर लोकांच्या नजरा. तिथे कारणं शोधू नका, दोष तर अजिबात नको, आणि इतर कुठल्याही मृत्यूला जसे जाल तसेच जा. खूप लांबलेल्या आजारानंतर माणूस गेलं की घरच्यांना सुटल्यासारखंही वाटतं आणि मग त्याचीच लाज वाटते. दोन्ही एकत्र असू शकतं. शुश्रूषा करणाऱ्याचा तर अख्खा दिवसच रिकामा होतो, औषधाच्या वेळेचे अलार्म तसेच वाजत राहतात.

कधी काळजी करायची

बहुतेक लोक आपल्या माणसांच्या आधाराने हळूहळू सावरतात, सगळ्यांना थेरपी लागतेच असं नाही. पण काहींचं दुःख तिथेच गोठून राहतं. महिने गेले तरी रोज, जवळजवळ दिवसभर तीच तीव्र ओढ, झालंय ते खरंच वाटत नाही, आयुष्याला काही अर्थ उरला नाही असं वाटतं, आणि काम, जेवण, माणसं सगळंच सुटलेलं. याला आता वैद्यकीय नाव आहे, प्रलंबित शोक विकार म्हणता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात यासाठी किमान सहा महिन्यांचा काळ धरलाय, आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या नियमावलीत मोठ्यांसाठी एक वर्ष. यावर खास पद्धतीची थेरपी आहे आणि ती उपयोगी पडते. मुदती मी एवढ्यासाठी सांगितल्या की दुसऱ्या महिन्यात रडणाऱ्याला कोणी आजारी ठरवू नये आणि दोन वर्षं अंथरुणातून न उठलेल्याला "वेळ जाऊ दे" म्हणू नये.

एका गोष्टीला मात्र कुठलीही मुदत लावू नका. "मला पण जायचंय", "मी नसले तरी काय फरक पडतो" असं कोणी म्हणालं, वस्तू वाटायला लागलं, एकदम निरवानिरव करायला लागलं, तर सरळ विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बऱ्याचदा माणूस सुटकेचा श्वास सोडतं. हो म्हणालं तर एकटं सोडू नका, औषधं आणि घातक वस्तू दूर करा, आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनशी बोला, धोका आत्ताचाच असेल तर तातडीच्या सेवेला फोन करा. गुपित ठेवायचं वचन देऊ नका. दिलंत तर मोडावं लागेल.

आता कोणाच्या घरी नुकतंच काही घडलं असेल तर फोनचं कॅलेंडर उघडा. एक महिना, तीन महिने, सहा महिने, वर्ष, आणि गेलेल्या माणसाचा वाढदिवस, एवढ्या तारखांना रिमाइंडर लावा, प्रत्येकात त्या माणसाचं नाव लिहा. आणि पुढच्या गुरुवारी दोन तास कुठे जायचंय तेही त्यातच टाकून ठेवा.